शोकाकुलांचा सोबती : मार्टिन ल्यूथर



ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्या अनेक मंडळ्यांत धर्मसुधारणेचे स्मरण केले जाते. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर यांच्याविषयी जे सांगण्यात येते ते बहुतेक ठरलेले असते : 31 ऑक्टोबर 1517 रोजी मांडलेले पंचाण्णव सिद्धांत, 1521 मधील वर्म्सची सभा, आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यात सुमारे अकरा आठवड्यांत केलेले नव्या कराराचे भाषांतर. हे सर्व खरे आहे व पुन्हा पुन्हा सांगण्याजोगेही आहे. प्रस्तुत लेखात मात्र मला आपणांस ल्यूथरांकडे दुसऱ्या एका बाजूने पाहावयास लावायचे आहे. मृताच्या उशाशी बसलेले, पुत्र गमावलेल्या आईबापांना पत्र लिहिणारे, स्वतःच्या मुलीच्या शवपेटीजवळ उभे असलेले ल्यूथर आपण फारसे पाहत नाही.

शोकाच्या घरी आपण कसे जातो, याचा क्षणभर विचार करा. आपण जातो हे खरे. पण तेथे पोहोचताच आपल्याला बोलण्याची घाई होते. देवाची इच्छा होती, रडू नका, तो प्रभूजवळ गेला, अशी वाक्ये दाराशी चपला काढता काढताच आपल्या ओठांवर येतात. काही दिवसांनी येणेजाणे थांबते. मग वर्षदिनी स्मरणाची उपासना करावी की करू नये, केली तर तीत मृतासाठी प्रार्थना करावी की केवळ जिवंतांसाठी, यावर मंडळीत वाद होतो. आणि ज्यांचे माणूस गेलेले असते ते कुटुंब त्या वादात एका कोपऱ्यात उभे राहते. हा प्रश्न आजचा नाही. ल्यूथरांच्या पुढे तो फार मोठ्या आकारात उभा राहिला होता, कारण शोक करणाऱ्यांच्या हातातली एक जुनी गोष्ट त्यांनीच काढून घेतली होती.

त्या काळी माणूस मेल्यावर जिवंतांनी त्याच्यासाठी काय करावे हे निश्चित असे. आत्मा शुद्धिस्थानात यातना भोगतो असे मानले जाई. त्याची सुटका लवकर व्हावी म्हणून मिस्सा म्हणवून घ्याव्यात, वर्षश्राद्धासारख्या स्मरणविधींसाठी पैसे लावून ठेवावेत, मेणबत्त्या लावाव्यात, पापक्षमापत्रे विकत घ्यावीत, अशी रीत होती. ल्यूथर स्वतः याच श्रद्धेत वाढले होते. तरुण साधू असताना ते रोमला गेले, तेव्हा आपल्या आजोबांच्या आत्म्यासाठी ते तेथील पवित्र पायऱ्या चढले. आपले आईवडील अजून जिवंत आहेत याचे तेथे आपल्याला जवळजवळ वाईट वाटले, असेही त्यांनी पुढे सांगितले आहे. कारण ते वारले असते तर रोममधल्या मिस्सांनी त्यांची शुद्धिस्थानातून सुटका करता आली असती! वाचकाला यात हसू येईल. पण त्या तरुणाच्या मनात मातापित्यांविषयीचे प्रेमच होते, हे विसरू नये.

या प्रेमाचाच बाजार योहान टेट्झेल या उपदेशकाने मांडला. मेलेल्या आईबापांचा आक्रोश तुम्हांला ऐकू येत नाही काय, असे विचारून तो लोकांना पापक्षमापत्रे घेण्यास प्रवृत्त करी. धर्मसुधारणेचा आरंभ विद्यापीठातल्या वादातून झाला असे आपण म्हणतो. तो वाद ज्या वस्तूविषयी होता ती वस्तू घेणाऱ्यांत मात्र आपल्या मृतांसाठी काहीतरी करू पाहणारी असंख्य साधी माणसे होती, हे ल्यूथर यांनी कधी दृष्टिआड केले नाही.

टेट्झेलचा बाजार उठला. पुढील वर्षांत मृतांसाठीच्या मिस्साही विटेनबर्गमधून गेल्या. पण विधी काढून टाकला म्हणून शोक नाहीसा होत नाही. कालपर्यंत जिच्या हाती निदान एक मेणबत्ती होती त्या विधवेने आता काय करावे? आपल्याकडेही पहिल्या पिढीत ज्या कुटुंबांनी श्राद्धपक्ष सोडून ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांना या रिकामेपणाची कल्पना असलीच पाहिजे. सिद्धांत योग्य असूनही हात रिकामे राहू शकतात. ल्यूथर यांनी पुढची वीस-पंचवीस वर्षे या रिकाम्या हातांत काय ठेवले, ते आता पाहू.

1527 च्या उन्हाळ्यात विटेनबर्गमध्ये प्लेग शिरला. सॅक्सनीचे इलेक्टर योहान यांनी ऑगस्टमध्ये विद्यापीठ येना या गावी हलविण्याची आज्ञा केली व ल्यूथर यांनीही कुटुंबासह जावे असे त्यांना कळविले. विद्यार्थी व प्राध्यापक गेले. ल्यूथर राहिले. शहराचे पाळक योहान बुगेनहागेन आणि काही सहायक त्यांच्यासोबत राहिले. त्यांच्या पत्नी काथारीना त्या वेळी गरोदर होत्या व पहिला मुलगा हान्स जेमतेम वर्षाचा होता. ल्यूथर स्वतः त्या जुलै महिन्यात इतके आजारी पडले होते की त्यांनी निरवानिरव करून ठेवली होती. शरीराच्या दुखण्यामागोमाग मनावर काळोख दाटला होता, व आपल्याला ख्रिस्ताने टाकले की काय या भयाने ते महिनोन् महिने झुंजत होते. अशा माणसाने इतरांना धीर द्यावयाचा होता.

ते राहत त्या जुन्या मठाच्या घरात रुग्णांना जागा देण्यात आली. घर रुग्णालयच झाले. नगराध्यक्षांच्या पत्नीचा प्राण जवळजवळ त्यांच्या बाहूंत गेला. नोव्हेंबरच्या आरंभी सहायक पाळक गेओर्ग रोएरर यांची पत्नी बाळंतपणात प्लेगने दगावली व मूलही गेले. ही बाई बुगेनहागेन यांची बहीण होती. त्यानंतर बुगेनहागेन यांचे कुटुंब ल्यूथरांच्या घरी राहावयास आले. एका घरात सारे भयभीत, सारे शोकग्रस्त. त्यांनी एकत्र जेवावे, एकत्र प्रार्थना करावी, असे ते दिवस होते. गेओर्ग रोएरर यांचे नाव भाषांतराच्या क्षेत्रातील आम्हां मंडळींना परिचित आहे, कारण पुढे ल्यूथर व त्यांचे सहकारी बायबलच्या भाषांतराची तपासणी करण्यास बसत तेव्हा टिपणे घेण्याचे काम रोएरर करीत. शब्दांवरील त्या चर्चांची टिपणे आज वाचताना हे लिहिणारा हात पत्नीला व बाळाला मूठमाती दिलेला हात आहे हे आठवले, म्हणजे स्तोत्रांतील एखाद्या विलापाच्या ओळीवर ती मंडळी इतका वेळ का थांबत असतील ते कळते.

त्याच वर्षी ब्रेस्लाऊ येथील पाळक योहान हेस यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून ल्यूथर यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्लेगपासून पळून जावे काय, हा प्रश्न होता. 2020 साली करोनाची साथ पसरली तेव्हा ही पुस्तिका जगभर पुन्हा वाचली गेली, ती बहुधा त्यातील औषधोपचार, स्वच्छता व संसर्ग टाळण्याविषयीच्या समंजस सूचनांसाठी. जे पळतात त्या सर्वांना ते दोषी ठरवीत नाहीत; जीव वाचविण्याची इच्छा देवानेच माणसात ठेवली आहे असे ते मानतात. मात्र पाळकाने, अधिकाऱ्याने आणि ज्याच्यावाचून शेजाऱ्याची सेवा करणारे दुसरे कोणी नाही त्या प्रत्येकाने राहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. मरणाऱ्याला एकटे सोडणे म्हणजे ख्रिस्तालाच एकटे सोडणे, हा त्या पुस्तिकेचा गाभा होय.

पुस्तिकेचा शेवटचा भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. तेथे ल्यूथर दफनभूमीविषयी लिहितात. शहराच्या मध्यभागी प्रेते पुरणे आरोग्याला बाधक आहे किंवा नाही हे वैद्यांनी ठरवावे, असे म्हणून ते पवित्र शास्त्राकडे वळतात : नाईन गावातील विधवेच्या मुलाला वेशीबाहेर नेत होते, प्रभूची कबरही नगराबाहेर होती, अब्राहामाने सारेला पुरण्यासाठी एफ्रोनाचे शेत घेतले होते. नंतर ते आपल्या गावच्या दफनभूमीचे वर्णन करतात. तिच्यातून चार-पाच वाटा जातात, दोन-तीन बाजार भरावेत अशी तेथे वर्दळ असते, माणसे व गुरे रात्रंदिवस तुडवीत जातात, ज्याला वाटेल तो वाटेल ते तेथे करतो. जेथे उभे राहून मृत्यू, न्याय व पुनरुत्थान यांचे शांतपणे चिंतन करावे, प्रार्थना करावी, ती जागा गावातील सर्वांत गोंगाटाची झाली आहे, याचे त्यांना दुःख आहे. भिंतींवर चिंतनाला उपयोगी अशी चित्रे काढावीत असेही ते सुचवतात.

वाचकहो, मृतांसाठीच्या मिस्सा बंद करणारा हा माणूस मृतांच्या जागेविषयी किती हळवा आहे पाहा. शुद्धिस्थान गेले म्हणून कबरीचा मान गेला नाही. कबरीवर जाऊन मृतासाठी काही मिळवावयाचे नाही, पण जिवंतांना तेथे उभे राहण्यासाठी स्वच्छ, निवांत जागा हवी, हा त्यांचा विचार होता. आपल्या शहरांतील ख्रिस्ती दफनभूमींची आजची दाटी व दुर्दशा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पान कालचे वाटणार नाही. आणि 2020 व 2021 मध्ये ज्या कुटुंबांना आपल्या माणसाच्या दफनालाही उभे राहता आले नाही त्यांना निवांत उभे राहण्याचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या प्लेगातच, 10 डिसेंबर 1527 रोजी, काथारीना यांनी मुलीला जन्म दिला. तिचे नाव एलिझाबेथ. 3 ऑगस्ट 1528 रोजी, जेमतेम आठ महिन्यांची असताना ती वारली. दोन दिवसांनी एका मित्राला लिहिताना ल्यूथर आश्चर्य व्यक्त करतात की आपले मन एखाद्या स्त्रीच्या मनासारखे इतके कोवळे झाले आहे; पित्याचे अंतःकरण लेकरासाठी असे तुटू शकते यावर त्यांचा पूर्वी विश्वासच बसला नसता. मला वाटते, सांत्वन करणाऱ्या ल्यूथरांची घडण येथे पक्की झाली. 1519 मध्ये आजारी असलेल्या इलेक्टर फ्रेडरिक यांच्यासाठी त्यांनी सांत्वनपर ग्रंथ लिहिला होता. चौदा प्रकरणांची त्याची सुरेख मांडणी आहे. 1528 नंतरच्या पत्रांत अशी मांडणी दिसत नाही. तेथे एक बाप दुसऱ्या बापाशी बोलतो.

दोन वर्षांनी, 1530 मध्ये, ते कोबुर्गच्या किल्ल्यात राहत असताना वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. सोबत असलेल्या तरुण सहकाऱ्याने काथारीना यांना कळविले की त्यांनी स्तोत्रसंहिता उचलली, खोलीत गेले, आणि इतके रडले की दुसऱ्या दिवशी त्यांचे डोके काम करीना. ज्या आत्म्यासाठी कधीकाळी मिस्सा म्हणण्याची घाई झाली होती त्याच्यासाठी आता करण्यासारखे काही नव्हते. हाती होते ते स्तोत्रांचे पुस्तक, जे त्यांनी स्वतःच्या आईबापांच्या भाषेत आणले होते.

ल्यूथर यांची अडीच हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत राजांना लिहिलेली आहेत, विद्वानांना लिहिलेली आहेत. शोकग्रस्तांना लिहिलेली पत्रे संख्येने थोडी असली तरी माझ्या मते ती त्यांच्या कितीतरी जाड ग्रंथांहून टिकाऊ आहेत.

एप्रिल 1532 मध्ये योहान झिंक नावाचा एक मुलगा विटेनबर्गमध्ये शिकत असताना मरण पावला. त्याचे आईवडील दूर होफहाइम या गावी होते. ल्यूथर यांनी त्यांना पत्र लिहिले. मुलगा सर्वांना प्रिय होता, विशेषतः आपल्याला, आणि संध्याकाळी आपल्या घरी गाणे होई तेव्हा वरच्या पट्टीतला स्वर आपण त्याला गावयास सांगत असू, हे त्यांनी आवर्जून कळविले. मुलाचा स्वभाव कसा होता, तो कोणत्या श्रद्धेने गेला, तेही लिहिले. आईबापांनी शोक करू नये असे ते म्हणत नाहीत. उलट पुत्राच्या मृत्यूने आईबाप व्याकूळ झाले नाहीत तर तेच अनुचित ठरले असते असे त्यांना वाटते. रडा, आणि रडून झाल्यावर सांत्वन स्वीकारा, असा क्रम ते ठेवतात. पत्राची ही रीत ध्यानात घ्या. आधी मृताची आठवण, तीही नेमकी, त्याच्या आवाजासकट. मग शोकाला मोकळीक. मग पुनरुत्थानाची आशा. आपण बहुधा तिसऱ्या पायरीवरूनच सुरुवात करतो.

चित्रकार लुकास क्रानाख हे त्यांचे जिवलग मित्र. ल्यूथर यांच्या विवाहाला ते साक्षीदार होते व हान्सचे धर्मपिताही होते. त्यांचा मुलगा, ज्याचे नावही हान्सच होते, चित्रकलेच्या अभ्यासासाठी इटलीत गेला आणि ऑक्टोबर 1537 मध्ये बोलोन्या येथे वारला. त्याला तिकडे जाण्याचा सल्ला आईवडिलांनीच दिला होता. आपणच त्याला मृत्यूच्या दारी पाठवले, या विचाराने दोघे आतून जळत होते. ल्यूथर त्यांना म्हणाले की असा दोष असेल तर तो माझाही आहे, कारण जा असे मीही त्याला सांगितले होते. तुमचा काही दोष नाही, एवढेच म्हणून ते बाजूला झाले असते. त्याऐवजी ते त्या दोषाखाली खांदा देऊन उभे राहिले, आणि मग तिघांनी मिळून तो देवापुढे खाली ठेवावा असे सुचविले. ज्या घरांत मूल परगावी शिकावयास किंवा नोकरीला जाऊन दगावते तेथे हा प्रश्न येतोच. तेथे जाणाऱ्या पाळकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

त्याहून कठीण प्रसंग 1528 च्या डिसेंबरातला आहे. एका स्त्रीच्या पतीने निराशेच्या भरात स्वतःला इजा करून घेतली होती व त्यात तो वारला होता. आत्महत्या करणाऱ्याला त्या काळी ख्रिस्ती दफनही नाकारले जाई, आणि कुटुंबाच्या माथी कलंक येई. ल्यूथर यांनी त्या विधवेला लिहिले. गेथशेमाने बागेत प्रभूला जी झुंज द्यावी लागली तिची त्यांनी आठवण दिली, आणि तिचा पती अखेरीस ख्रिस्ताकडे वळून गेला याचा आधार तिच्या हाती ठेवला. पुढे भोजनाच्या वेळच्या संभाषणांतही अशा मृतांविषयी ते म्हणत की अरण्यात दरोडेखोरांनी ज्याची हत्या केली त्याच्यासारखा हा मनुष्य होय. तो नाशाला गेलाच असे मला म्हणवत नाही. मात्र हे सरसकट लोकांपुढे सांगू नये, नाहीतर सैतानाला वाव मिळेल, अशी सावधगिरीही त्यांनी बाळगली होती. सोळाव्या शतकात हे बोलणे सोपे नव्हते. आजही आपल्या मंडळ्यांत अशा घरी जाताना पावले अडखळतात.

येथे भाषांतरकार म्हणून एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. सांत्वनासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ जवळ बोलावणे असा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात आपण ज्याला कैवारी म्हणतो तोही त्याच कुळातला शब्द. बोलावल्यावर जो बाजूला येऊन उभा राहतो तो. जर्मन भाषेत ल्यूथर यांनी जो ट्रोस्ट हा शब्द वापरला त्याचे नाते विश्वास व खंबीरपणा यांच्याशी आहे. म्हणजे ग्रीक शब्द जवळ उभे राहण्याविषयी बोलतो आणि जर्मन शब्द पायाखालच्या भूमीविषयी. आपल्या सांत्वन शब्दाला मात्र वापरून वापरून वृत्तपत्री वास येऊ लागला आहे. मंत्री घटनास्थळी जाऊन सांत्वन करतात. त्यापेक्षा धीर हा घरगुती शब्द मला कितीदा तरी अधिक खरा वाटला आहे, कारण धीर देणाऱ्याला जवळ यावेच लागते.

1542 हे वर्ष या कहाणीत फार महत्त्वाचे. त्या वर्षी ल्यूथर यांचे दोन लहानसे लेख प्रसिद्ध झाले. पहिला होता ज्यांचा गर्भपात झाला किंवा ज्यांचे मूल बाप्तिस्म्यापूर्वीच गेले अशा मातांसाठी, आणि तो बुगेनहागेन यांच्या 29 व्या स्तोत्रावरील विवेचनाला जोडून छापण्यात आला. बाप्तिस्मा न झालेल्या बालकांना स्वर्ग नाही, अशी तेव्हाची समजूत. कित्येक माता या विचाराने खचून जात. ल्यूथर सांगतात की अशा मातांना घाबरवू नका, त्यांच्यावर दोष ठेवू नका. ख्रिस्ती मातेच्या मनात बाळासाठी जी तळमळ होती, जी तिला शब्दांत मांडताही आली नाही, तीच देवाजवळ प्रार्थना म्हणून पोहोचली आहे. ज्या बाळाला नाव नाही, कबर नाही, ज्याच्यासाठी कोणी भेटायलाही येत नाही, त्याच्या आईची आठवण चारशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका धर्मपंडिताने ठेवली होती. आपण तिची आठवण किती वेळा ठेवतो?

दुसरा लेख म्हणजे लॅटिन व जर्मन दफनगीतांच्या एका संग्रहाची प्रस्तावना. मृतांसाठीचे जागर, मिस्सा व मिरवणुका आपण काढून टाकल्या हे ते तेथे स्पष्ट सांगतात. परंतु कबरीजवळ रडगाणी न गाता क्षमा, विश्रांती, निद्रा, जीवन व पुनरुत्थान यांची गीते गावीत असा त्यांचा आग्रह आहे. जुन्या विधीतील चाली त्यांनी टाकल्या नाहीत. त्या सुंदर आहेत, त्या वाया जाऊ नयेत, म्हणून शब्द बदलून त्या ठेवल्या. ज्या चालीवर आजोबांना निरोप दिला तीच चाल नातवाच्या कानी पडावी आणि तिच्यातून आता भयाऐवजी आशा ऐकू यावी, यात केवढे शहाणपण आहे! कबरींच्या दगडांवर कोरण्यासाठी पवित्र शास्त्रातील वचनेही त्यांनी तेथे सुचवली आहेत. रिकाम्या हातांत काय ठेवावे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर येथे एकत्र सापडते : शेजाऱ्यांची सोबत, मंडळीचे गाणे, वचन कोरलेला दगड, निवांत दफनभूमी. यांतले काहीही मृताची सुटका करण्यासाठी नाही. सर्व काही मागे राहिलेल्यांसाठी आहे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांच्या स्वतःच्या घरावर प्रसंग आला. एलिझाबेथच्या पाठची मागदालेना आता तेरा वर्षांची होती. कोबुर्गला असताना काथारीना यांनी जिचे चित्र पाठवले होते व ल्यूथर यांनी जे आपल्या खोलीत टांगले होते, ती हीच. ती आजारी पडली, आणि भाऊ हान्स याला पाहण्याची तिला ओढ लागली. तो टोरगाउ येथे शाळेत होता. ल्यूथर यांनी त्याच्या शिक्षकांना लिहून गाडी पाठवून त्याला आणवले. मृत्यूच्या आदल्या रात्री काथारीना यांना स्वप्न पडले की दोन सुंदर तरुण आले आहेत व मुलीला लग्नाला नेऊ पाहत आहेत. सकाळी मेलांख्थोन यांना त्यांनी ते सांगितले तेव्हा त्यांना त्याचा अर्थ समजला. ल्यूथर यांनी मुलीला विचारले, येथे या बापाजवळ राहावेसे वाटते, की त्या दुसऱ्या पित्याकडेही आनंदाने जाशील? देवाची इच्छा असेल तसे, असे ती म्हणाली. 20 सप्टेंबर रोजी पलंगाशी गुडघे टेकून रडत असलेल्या बापाच्या बाहूंत तिने प्राण सोडला. आई त्याच खोलीत होती, पण दुःखामुळे थोडी दूर उभी होती.

शवपेटीत तिला ठेवल्यावर ते म्हणाले की ती ताऱ्यासारखी, सूर्यासारखी उठेल. आत्म्यात मी आनंदी आहे, पण देह ऐकत नाही. तीन दिवसांनी मित्र युस्टुस योनास यांना त्यांनी जे लिहिले ते या लेखाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण दोघांनी उपकारस्तुती करावयास हवी हे आपल्याला कळते, पण प्रेमाचे बळ इतके आहे की हुंदके आवरत नाहीत. तिचा चेहरा, तिचे शब्द, तिची हालचाल अंतःकरणात खोल रुतून बसली आहे. ख्रिस्ताचा मृत्यूदेखील हे दुःख जसे पूर्णपणे दूर करावयास हवे तसे करीत नाही. ख्रिस्ताच्या मृत्यूवर ज्याने सारे आयुष्य उभे केले त्याने हे लिहावे! काहींना यात विश्वासाची उणीव दिसेल. मला तर येथे त्यांनी इतरांना लिहिलेली सर्व पत्रे खरी ठरलेली दिसतात, कारण दुसऱ्याला दिलेली रडण्याची मोकळीक त्यांनी स्वतःला नाकारली नाही. तिच्या कबरीसाठी त्यांनी स्वतः पद्य रचले.

एवढे असूनही सर्वांना ती मोकळीक त्यांनी दिली असे मात्र नाही. सोळा वर्षांचा हान्स बहिणीच्या मृत्यूनंतर टोरगाउला परतला आणि घरच्या ओढीने व्याकूळ झाला. डिसेंबरात वडिलांनी त्याला लिहिले की पुरुषासारखे अश्रू आवर, आईच्या दुःखात भर घालू नकोस. परक्या गावच्या झिंक कुटुंबाला जो धीर मिळाला तो पोटच्या मुलाला मिळाला नाही. त्याहून मोठ्या उणिवाही आहेत, आणि त्या लपविण्यात अर्थ नाही. 1525 च्या शेतकऱ्यांच्या उठावात हजारो माणसे मारली गेली. त्यांच्याविरुद्ध ल्यूथर यांनी अत्यंत कठोर पुस्तिका लिहिली होती, आणि त्या हजारोंच्या विधवांसाठी त्यांच्या लेखणीतून तशी करुणा उतरली नाही. मागदालेनाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, 1543 मध्ये, त्यांचा ज्यू लोकांविरुद्धचा विखारी ग्रंथ आला. त्याचा पुढील काळात किती भयंकर उपयोग झाला हे आपण जाणतो. लेकीच्या शवपेटीजवळ भिजलेले डोळे शेजारच्या समाजाच्या दुःखापुढे कोरडे राहू शकतात, हे या चरित्रातले एक कटू सत्य आहे.

18 फेब्रुवारी 1546 रोजी ल्यूथर आपल्या जन्मगावी, आइस्लेबेन येथे, वारले. काथारीना जवळ नव्हत्या. 22 फेब्रुवारीला विटेनबर्गच्या राजवाड्यातील मंदिरात त्यांचे दफन झाले. बुगेनहागेन यांनी उपदेश केला, मेलांख्थोन यांनी भाषण केले. साऱ्या शहराने शोक केला. काथारीना यांनी आपल्या वहिनीला कळविले की खाणेपिणे सुचत नाही, झोप येत नाही, आणि हे दुःख कोणालाच सांगता येत नाही.

पुढची वर्षे त्यांना कठीण गेली. पतीने 1542 मध्येच मृत्युपत्र करून त्यांना वारस नेमले होते, पण ते कायद्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी अडचणी आणल्या. मग युद्ध आले. दोनदा त्यांना विटेनबर्ग सोडून पळावे लागले. परत आल्या तेव्हा शेतीवाडी उद्ध्वस्त झालेली होती. घरात भाडेकरू विद्यार्थी ठेवून, कर्ज काढून त्यांनी मुले वाढवली. ज्यांच्या घरी त्यांच्या पतीने दुःखाच्या वेळी धाव घेतली होती त्या थोरामोठ्यांपैकी फार थोड्यांना त्यांची आठवण राहिली. डेन्मार्कचे राजे तिसरे ख्रिस्तियान यांनी साहाय्य पाठवले, तेही त्यांना पत्रे लिहून मागावे लागले.

1552 मध्ये विटेनबर्गला पुन्हा प्लेग आला आणि विद्यापीठ या वेळी टोरगाउला हलले. काथारीना धाकट्या मुलांना घेऊन तिकडे निघाल्या. वाटेत घोडे बुजले, त्या गाडीतून खाली पडल्या, आणि अंथरुणाला खिळल्या. 20 डिसेंबर 1552 रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. विद्यापीठाने सूचना काढून विद्यार्थ्यांना त्यांच्या दफनाला येण्यास सांगितले, आणि ते आले. टोरगाउच्या मरिया मंदिरात, पतीच्या कबरीपासून दूर, त्यांची प्रतिमा कोरलेला दगड आजही उभा आहे.